पॉज कर, पाटी वाच: अ‍ॅनिमेत दडलेल्या जुन्या विज्ञानकथा कशा हुडकायच्या

मागच्या दिवाळीत भाचा निनाद चार दिवस माझ्याकडे राहायला आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे येताना फराळाच्या आशेबरोबर लॅपटॉप घेऊन आला. दुसऱ्या रात्री 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' या अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा, शेवटचा, सव्विसावा भाग लागला होता. मी चिवड्याचा डबा घेऊन बाहेर आले आणि नेमकी पडद्यावर भागाच्या नावाची पाटी दिसली. काळ्यावर पांढरी, जाडजूड जपानी अक्षरं. मी वाचली आणि म्हटलं, "अरे, हे तर एलिसनचं!"

"कोण एलिसन? मावशी, हा आन्नोचा शो आहे."

दिग्दर्शक हिदेआकी आन्नो, मालिका १९९५ सालची, हे मलाही ठाऊक होतं. पण पाटीवर होतं, 'सेकाइ नो च्यूशिन दे आइ ओ साकेंदा केमोनो'. जगाच्या केंद्रस्थानी 'आइ' असं ओरडलेला पशू. हार्लन एलिसनची १९६८ची कथा आहे, 'द बीस्ट दॅट शाउटेड लव्ह अ‍ॅट द हार्ट ऑफ द वर्ल्ड'. तिला पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला. जपानी अनुवादात त्या कथेचं नाव हेच, अक्षरश: हेच. एकच फरक. पुस्तकात 'आइ' हा शब्द कांजीत, म्हणजे चित्रलिपीत आहे, त्याचा अर्थ प्रेम. आन्नोने तो काताकानात लिहिला. काताकाना ही परक्या शब्दांसाठी वापरायची लिपी. तिच्यात 'आइ' लिहिलं की ते प्रेमही होतं आणि इंग्रजीतला 'आय', म्हणजे 'मी'सुद्धा. सव्वीस भाग ज्या पोराला 'मी कोण' आणि 'माझ्यावर कुणी प्रेम करतं का' हे दोनच प्रश्न छळत आले, त्याच्या शेवटच्या भागाचं हे नाव. भाषांतर करणाऱ्याने 'लव्ह' लिहिलं तर 'मी' गेला, 'आय' लिहिलं तर प्रेम गेलं. आणि निनाद तर तेही वाचत नव्हता. त्याचं लक्ष भागाच्या मधोमध येणाऱ्या इंग्रजी पाटीवर. तिच्यावर वेगळंच नाव असतं, 'टेक केअर ऑफ युवरसेल्फ'.

मग दिवाळीचे उरलेले दोन दिवस आम्ही हाच उद्योग केला. कसा केला ते लिहून दे असं तो तेव्हापासून मागे लागलाय, म्हणून हे.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी पुण्यात जपानी शिकले, आणि गेली चौदा वर्षं यंत्रांच्या मॅन्युअलची जपानीतून भाषांतरं करते. बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळायचा, तेल कधी बदलायचं, असलं साहित्य. त्यामुळे माझी एक सवय झालीये: शब्द नेहमीचा नसला की थांबायचं. या कामाला तेवढी सवय पुरते. जपानी यायलाच हवं असं नाही, निनादला ओ की ठो येत नाही.

मुद्दा असा की हे संदर्भ लोक चित्रात शोधतात. अमुक यान तमुक सिनेमातल्यासारखं दिसतं, अमुक खोली त्या दुसऱ्या खोलीसारखी. तिथे काही ना काही सापडतंच, पण सिद्ध काहीच होत नाही. शोधायचं असेल तर जपानी शब्दांत शोधा. हे अ‍ॅनिमेवाले लहानपणी अमेरिकन विज्ञानकथा वाचत वाढले ते जपानी अनुवादांतून. हायाकावा प्रकाशनाची निळ्या कण्याची खिशात मावणारी पुस्तकं, आणि १९५९च्या अखेरीस सुरू झालेलं त्यांचंच 'एस-एफ मॅगझिन' मासिक. त्यांच्या डोक्यात घर करून बसली ती अनुवादकांची वाक्यं. मला हे पटकन पटतं, कारण आमच्या घरी ज्यूल व्हर्न आला तो भा. रा. भागवतांचा हात धरून. तो फ्रेंच आहे हे कळायला मला दहावी उजाडली. तोवर माझ्या लेखी तो फास्टर फेणेच्या शेजारचा माणूस होता.

आता कृती. भागाच्या नावाची पाटी आली की पॉज करायचं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने अक्षरं उचलायची सोय आता बहुतेक फोनमध्ये असते, ती वापरायची. इथे निनादने पहिली चूक केली, बहुतेक जण करतात: फोनने दिलेला इंग्रजी अनुवाद घेऊन तो शोधत बसला. तसं करायचं नाही. जपानी अक्षरं जशीच्या तशी कॉपी करायची, अवतरणचिन्हांत टाकायची, आणि पुढे 'मोतोनेता' हा शब्द जपानीत जोडायचा. मोतोनेता म्हणजे मूळ माल, ज्यावरून हे उचललं ते. जपानी चाहते या विषयावर जे काही लिहितात त्यात हा शब्द हमखास असतो. पुस्तकाचा संशय असेल तर 'हायाकावा' जोडून बघायचं. जपानी विकिपीडियावर मालिकेच्या पानावर भागांची यादी असते, ती एकदा नुसती खाली सरकवत न्यायची. नेहमीच्या बोलण्यात येणार नाही असं लांबलचक, थोडं काव्यमय नाव दिसलं की तिथे थांबायचं.

'इव्हँगेलियन'वरच थांबू, कारण तिथे घबाड आहे. टीव्हीवरचा शेवट लोकांना पचला नाही म्हणून १९९७ साली 'द एंड ऑफ इव्हँगेलियन' हा चित्रपट आला. त्यातल्या दुसऱ्या भागाचं जपानी नाव 'मागोकोरो ओ, किमी नि', म्हणजे साधारण 'मनापासून, तुला'. पाटीवर हे वाचून कुणाला विज्ञानकथा आठवणार? प्रेमपत्राची सुरुवात वाटते. पण १९६८ साली 'चार्ली' नावाचा अमेरिकन चित्रपट आला होता, डॅनियल कीजच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन'वरून. जपानमध्ये तो लागला तो याच नावाने. मतिमंद चार्लीची बुद्धी शस्त्रक्रियेने वाढते, आणि बुद्धी वाढल्यावर त्याला पहिल्यांदा कळतं की आपण किती एकटे आहोत. म्हणजे आन्नोने एकाच गोष्टीचे दोन शेवट केले आणि दोन्हींना जुन्या विज्ञानकथांची नावं दिली, ती दोन्ही जपानी वेष्टनातली. इंग्रजीत या दुसऱ्या भागाला 'आय नीड यू' म्हटलंय. धागा तिथेच तुटला.

तिसरं उदाहरण तर माझ्या धंद्यातलंच. मालिकेतल्या त्या गूढ योजनेला इंग्रजीत 'ह्यूमन इन्स्ट्रुमेंटॅलिटी प्रोजेक्ट' म्हणतात. निनाद म्हणाला, "मला आजपर्यंत वाटायचं, काहीतरी इन्स्ट्रुमेंटचं आहे." बरोबर आहे, त्या शब्दावरून काहीच बोध होत नाही. जपानीत आहे 'जिनरुई होकान केइकाकु'. होकान म्हणजे जे कमी आहे ते भरून पुरं करणं. आपल्याकडे समस्यापूर्तीत जी 'पूर्ती' आहे, तीच. मानवपूर्ती योजना! माणसांच्या मनातली भगदाडं बुजवायची, सगळ्यांना एकमेकांत मिसळून. आता हा शब्द आला कुठून? कॉर्डवेनर स्मिथ या टोपणनावाने पॉल लाइनबार्गर नावाचा अमेरिकन प्राध्यापक विज्ञानकथा लिहायचा. माणूस अजब, चीनचे सुन यत-सेन हे त्याचे धर्मपिता. १९५०पासून त्याने ज्या भविष्यकाळाच्या कथा लिहिल्या, त्यात मानवजातीवर राज्य करणारी संस्था आहे, 'इन्स्ट्रुमेंटॅलिटी ऑफ मॅनकाइंड'. जपानी अनुवादात तिचं झालं 'जिनरुई होकान किको'. मूळ इंग्रजी शब्दात 'साधन, माध्यम' हा अर्थ. 'उणीव भरून काढणं' हा अर्थ जपानीत घुसला. आन्नोने त्या घुसलेल्या अर्थावर अख्खी मालिका उभी केली. पुढे इंग्रजीत नेताना भाषांतरकारांनी मान राखून मूळ शब्द परत बसवला, आणि कथेचा गाभाच झाकला गेला. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. मीही तेच केलं असतं आणि रात्री झोप लागली नसती.

पाट्यांचा हा नाद याच मंडळींना आधीपासून होता. १९८३ साली ओसाकात जपानी विज्ञानकथा संमेलन भरलं, त्याच्या सुरुवातीला दाखवायला आन्नो आणि त्याच्या दोस्तांनी एक छोटी फिल्म केली, 'दाइकॉन ४'. सशाच्या पोशाखातली मुलगी तलवारीवर उभी राहून उडत जाते आणि मागेपुढे सिनेमा-कॉमिकमधली पात्रंच पात्रं. ती यूट्यूबवर पाव वेगाने बघा, आपापसात पैज लावा, रविवार मजेत जातो. पण मला त्याहून आवडतं ते त्यांच्या दुकानाचं नाव. याच टोळक्यातल्या दोघांनी १९८२ साली ओसाकात विज्ञानकथांशी संबंधित खेळणी-मॉडेलं विकायचं दुकान काढलं, 'जनरल प्रॉडक्ट्स'. वाटतं ना, प्लास्टिकच्या बादल्या मिळत असतील असं? हे लॅरी निव्हनच्या कथांमधल्या कंपनीचं नाव. ती परग्रहवासीयांची कंपनी अभेद्य यानं विकते. या दुकानाच्या गोतावळ्यातूनच पुढे गायनॅक्स स्टुडिओ उभा राहिला. म्हणजे शोधताना पडद्यावरच्या गोष्टीत थांबायचं नाही, बनवणाऱ्यांच्या पाट्याही वाचायच्या.

आन्नोची पहिली मालिका 'टॉप ओ नेराए', इंग्रजीत 'गनबस्टर', १९८८-८९. सहाच भाग. सहाव्याचं नाव 'हातेशिनाकी नागारे नो हाते नि', अंतहीन प्रवाहाच्या अंती. हे उचललंय जपानी लेखक साक्यो कोमात्सुच्या १९६६च्या कादंबरीवरून. तिची सुरुवात अशी: कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकाच्या थरात एक वाळूचं घड्याळ सापडतं, आणि त्यातली वाळू पडायची थांबतच नाही. पुढे काळाचा अफाट पसारा आहे, आणि त्यातून निसटलेल्या एका माणसाची वाट बघत म्हातारी होणारी एक बाई. 'गनबस्टर'च्या शेवटी दोन मुली बारा हजार वर्षांनी पृथ्वीवर परततात. पृथ्वी काळोखात. आणि मग दिवे लागतात, दिव्यांनी लिहिलेलं 'ओकाएरिनासाइ'. घरी आलेल्या माणसाला दारात म्हणतात तो शब्द, "आलीस का गं" असा. त्यातलं शेवटचं 'इ' हे अक्षर उलटं काढलंय, आरशात दिसतं तसं. बारा हजार वर्षांत लिहिणारे लिपी विसरत आले असावेत, असं मी त्याचं वाचन करते. निनादला हे दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही, चकली हातातच राहिली. नाव नुसतं उसनं घेतलंय की त्यामागे गोष्टही आहे, हे असं तपासायचं: मूळ पुस्तकात काय होतं ते बघून.

याच मालिकेचा पुढचा भाग 'डायबस्टर', २००४ ते २००६. त्याच्या सहाव्या भागाचं नाव 'आनाता नो जिनसेइ नो मोनोगातारी', म्हणजे तुझ्या आयुष्याची गोष्ट. टेड चियांगची १९९८ची कथा, जपानी पुस्तक आलं २००३ साली. इथे मी निनादला तारखेची चाळणी शिकवली. संदर्भ मानायचा असेल तर मूळ कृती आधीची हवी हे उघडच आहे. पण जपानी नाव जुळत असेल तर जपानी अनुवादही आधीचा हवा. तो नंतरचा निघाला तर उलटंही असू शकतं, अनुवादकानेच अ‍ॅनिमेवरून नाव उचललेलं असू शकतं. २००३ आधी, २००६ नंतर. बसलं.

पाट्या झाल्या की नावं आणि आकडे. 'अकिरा' (मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, १९८२पासून, चित्रपट १९८८; दोन्ही कात्सुहिरो ओतोमोचे) यात सरकारी प्रयोगातल्या मुलांच्या हातावर क्रमांक असतात. कियोको पंचवीस, ताकाशी सव्वीस, मासारू सत्तावीस. अकिरा अठ्ठावीस. अठ्ठावीसच का? नायक शोतारो कानेदा, त्याचा दोस्त तेत्सुओ, कर्नल शिकिशिमा. आता १९५६ साली सुरू झालेलं मित्सुतेरू योकोयामाचं 'तेत्सुजिन २८-गो' उघडा, लोखंडी मानव क्रमांक २८. रिमोटवर राक्षसी रोबो चालवणारा मुलगा शोतारो कानेदा. त्याच्या पाठीशी असलेले डॉक्टर शिकिशिमा. त्यांचा मुलगा तेत्सुओ. युद्धासाठी बनवलेलं अठ्ठाविसावं हत्यार तो रोबो. एखादं नाव जुळलं असतं तर योगायोग म्हटलं असतं. तीन नावं आणि एक आकडा! ओतोमोने युद्धानंतरच्या जपानचं सगळ्यात भाबडं कॉमिक घेतलं आणि त्याचीच माणसं घेऊन टोकियो उद्ध्वस्त केलं.

'घोस्ट इन द शेल २: इनोसन्स' (२००४) इथे कंपनीच्या नावांवर नजर ठेवायची. माणसं मारणाऱ्या यंत्रबाहुल्यांची जात 'हादाली', बनवणारी कंपनी 'लोकस सोलस'. पहिलं नाव व्हिलिए द लील-आदामच्या १८८६च्या फ्रेंच कादंबरीतलं. तिथे एडिसन, हो, तोच दिवेवाला, एका मित्रासाठी कृत्रिम स्त्री बनवतो, तिचं नाव हादाली. चित्रपट त्या कादंबरीतल्या अवतरणानेच सुरू होतो, त्यामुळे हे तितकं लपलेलं नाही. दुसरं मात्र आत दडलेलं. रेमों रूसेलची १९१४ची कादंबरी 'लोकस सोलस', त्यात एक शास्त्रज्ञ आपल्या इस्टेटीत पाहुण्यांना अचाट यंत्रं दाखवत फिरतो, आणि त्यात मेलेली माणसं आपल्या आयुष्यातला एखादा क्षण पुन:पुन्हा वठवत असतात. बाहुल्यांच्या कंपनीला यापेक्षा वाईट नाव मिळालं नसतं, म्हणजे चांगल्या अर्थाने वाईट.

पात्रांच्या हातातली पुस्तकं हा सगळ्यात सोपा प्रकार, नवख्याने तिथून सुरुवात करावी. 'हारुही सुझुमिया' (२००६) मधली युकी नागातो कोपऱ्यात बसून वाचत असते. मूळ कादंबरीत पुस्तकाचं नाव दिलेलंच नाही. निवेदक एवढंच म्हणतो की झोपेच्या गोळीसारखं काहीतरी काताकानात लिहिलंय. अ‍ॅनिमेत पुस्तक काढून दाखवावंच लागतं, तिथे ती डॅन सिमन्सची विज्ञान-कादंबरी 'हायपेरियन' निघते. झोपेच्या गोळीचं नाव म्हणून खपेल की नाही सांगा.

आणि 'द गर्ल हू लेप्ट थ्रू टाइम' (२००६) बघताना भांडी घासत बघू नका. काळात उड्या मारणाऱ्या माकोतोची एक मावशी आहे, संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करते. माकोतो तिला हे सगळं सांगते तर ती दचकतच नाही. "या वयात होतं असं" या थाटात ऐकून घेते. निनादला वाटलं विनोद आहे. मी म्हटलं, मावशीचं नाव बघ. काझुको योशियामा. यासुताका त्सुत्सुइच्या साठच्या दशकातल्या मूळ कादंबरीची नायिका, शाळेच्या प्रयोगशाळेत लव्हेंडरचा वास येऊन जी काळात उडी मारते तीच. मावशीच्या खोलीत जुना फोटो आहे, शाळकरी मुलगी आणि दोन मुलं, जवळ लव्हेंडर. म्हणजे हे त्या कादंबरीचं रूपांतर नव्हेच, साधारण वीस वर्षांनंतरचा पुढचा भाग आहे, आणि ती बाई अजून वाट बघतेय. मावशा सगळं सांगत नाहीत, हे निनादला तेव्हा कळलं असावं.

आता फजितीचं सांगते, नाहीतर निनाद सांगेल. काही वर्षांपूर्वी जपानी शिकणाऱ्यांच्या एका छोट्या कार्यक्रमात मी याच विषयावर बोलत होते. रंगात येऊन म्हटलं, 'इव्हँगेलियन'मधली आसुका सोर्यू लँगली, यातलं लँगली म्हणजे नासाचं संशोधन केंद्र, अवकाशविज्ञानाला मुजरा. मागच्या रांगेतून नौदलातले एक निवृत्त गृहस्थ उठले. शांतपणे म्हणाले, "मॅडम, लँगली हे अमेरिकन नौदलाचं पहिलं विमानवाहू जहाज. १९२२." मग त्यांनी बसल्या जागेवरून यादीच वाचली: सोर्यू, आकागी, कात्सुरागी या जपानी विमानवाहू युद्धनौका, आयानामी ही विनाशिका. सगळं आडनावांचं कोडं पाण्यातलं, आणि मी आकाशाकडे बघत बसले होते. त्यांना लाडू दिला, दुसरं काय करणार.

तेव्हापासून एक नियम केलाय. एक जुळणी सापडली की तिला अंदाज म्हणायचं. शब्द विचित्र असेल आणि तो तसाच्या तसा आला असेल, किंवा दोन-तीन नावं एकाच ठिकाणाहून आली असतील, तरच ठामपणे बोलायचं. दिसण्यातलं साम्य तर मोजायचंच नाही. मांगाकार ओसामु तेझुकाच्या १९४९च्या 'मेट्रोपोलिस' या मांगाबद्दल लोक शपथेवर सांगतात की तो फ्रिट्झ लांगच्या १९२७च्या चित्रपटावरून केलाय. तेझुकाने स्वत: सांगितलं होतं की आपण चित्रपट पाहिला नव्हता, मासिकात छापलेलं त्यातलं एक चित्र तेवढं पाहिलं होतं. एका फोटोवरून अख्खं शहर.

परवा रात्री पाऊण वाजता निनादचा मेसेज आला. एका पाटीचा फोटो, खाली प्रश्न, "मावशी, हे पुस्तक आहे की जहाज?" मी चष्मा शोधला, अक्षरं मोठी केली. एका रामेनच्या दुकानाची जाहिरात होती.